भारमान

माझी ओळख "हे टेंभुर्णीचे" अशी करून दिली की समोरचा गृहस्थ हमखास खुलतो. "टेंभुर्णी? अहो, सोलापूरला जाताना आम्ही नेहमी तिथं चहा घेतो!" मग मला खुलासा करावा लागतो, की चहाचं टेंभुर्णी ते माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचं. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, तालुका जाफराबाद. चहा आमच्याकडेही मिळतो, पण तो घ्यायला मुद्दाम यावं लागतं. जाता जाता घ्यावा, इतक्या मोठ्या वाटेवर आमचं गाव नाही. हा खुलासा ऐकून समोरचा गृहस्थ मिटतो आणि दुसऱ्याशी बोलायला लागतो.

अशा गावात राहणाऱ्या माणसाला फार मोठे नैतिक प्रश्न पडत नाहीत. शेजाऱ्याचा बांध कोरावा की न कोरावा, लग्नात आहेर मागच्या वेळी आला तेवढाच करावा की थोडा जास्त, इथपर्यंत आमची मजल. पण वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एका प्रश्नाने माझी झोप उडवली. तो प्रश्न पुण्याहून आला, पांढऱ्या रंगाचा होता, आणि त्याला चार चाकं होती.

चिरंजीव पुण्याला नोकरीत आहेत. त्यांनी स्वतःसाठी नवी मोटार घेतली आणि जुनी माझ्या दारात आणून उभी केली. "बाबा, आता बास झाले बसचे धक्के. या वयात आरामात जा-ये करा." सौ.ने नारळ फोडला. चाकाखाली लिंबं ठेवली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. अर्धं गाव बघायला आलं आणि उरलेलं अर्धं गाव चहाला आलं.

आता मी रोज जात होतो तरी कुठं? शाळेतून निवृत्त झाल्यापासून भाच्याच्या बी-बियाण्यांच्या दुकानात वह्या लिहायला मी सकाळी जाफराबादला जातो. सकाळची बस, दुपारची परत. तिकीट अर्धं, कारण पासष्टी ओलांडलेली. २०२३ सालच्या १७ मार्चपासून बायकांनाही एस.टी.त अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमची सौ.देखील अर्धी. म्हणजे आम्ही दोघं मिळून एस.टी.च्या हिशेबी एक माणूस! लग्नात भटजींनी 'आता तुम्ही दोघं एकच' असं सांगितलं होतं, ते सरकारी पातळीवर मान्य व्हायला चाळीस वर्षं लागली. बाकी त्या अर्ध्या तिकिटाने आमच्या भागात एक चमत्कार केला. पोरींची माहेरं एकदम निम्म्या अंतरावर आली. ज्या दिवाळीला येत होत्या त्या आता पंचमीलाही दिसायला लागल्या, आणि जावईबापू स्वतःच्या हाताने भाकरी थापायला शिकले.

तर मोटार. ती चालवायला मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवली. नववीत असताना त्याला मी त्रिकोणमितीवरून जे जे बोललो होतो, ते त्याने त्या पंधरा दिवसांत व्याजासकट वसूल केलं. "सर, क्लच! सर, लक्ष कुठंय? सर, किती डाव सांगायचं?" पण शिकलो. आणि एका सोमवारी, छातीशी पट्टा आवळून, एकटा, जाफराबादला निघालो.

थांब्यावर नेहमीची मंडळी उभी होती. दूधवाला, बाजाराची पाटी घेतलेली म्हातारी, पोस्टातले एक साहेब, कॉलेजच्या तीन मुली. मी गाडी हळू केली आणि हात हलवला. त्यांनीही हलवला. पण काय सांगू, तो हात हलवणं नेहमीचं नव्हतं. आगगाडी सुटल्यावर फलाटावरचे लोक हलवतात ना, तसं होतं. मी आरशात बघितलं, तर मंडळी लहान लहान होत चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना गाडीत घेतलं. तिसऱ्या दिवशी थांब्यावर पाचजण माझ्याकडे बघत होते आणि जागा चार. चौथ्या दिवसापासून मी थांबा आला की रेडिओचं बटण शोधायला लागलो. परोपकार हा गुण पायी चालणाऱ्याला झेपतो. मोटार आली की त्याची जागांची मर्यादा ठरते.

बसमध्ये हा प्रश्न कधी आलाच नाही. बस ही आमची चालती चावडी. तुरीला काय भाव फुटला, कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, हे अर्ध्या तासात कळायचं. खिडकीतून टाकलेल्या रुमालाने धरलेली जागा ही सात-बाऱ्यावरच्या नोंदीइतकी पक्की मानायची की नाही, यावर मी निदान शंभर वाद ऐकलेत आणि त्यातले तीस स्वतः घातलेत. मोटारीत मी एकटा, आणि वाद घालायला फक्त पट्ट्याची पिंपिं.

महिनाभराने बाजारात नेहमीचे कंडक्टर भेटले. म्हणाले, "सर, तुम्ही सोडलं आम्हाला. भारमान घटलं हो आमचं!"

'भारमान' हा एस.टी.चा शब्द. शंभर जागा असतील तर त्यातल्या किती भरल्या, तो आकडा. त्यावर फेरी चालते, कमी होते, वाढते. कंडक्टर थट्टेनेच बोलले होते. पण मी गणिताचा मास्तर. आकडा कानात गेला की तो पोटात उतरल्याशिवाय राहत नाही.

रात्री चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही एकट्यानं बस सोडली म्हणून काय पृथ्वी तापणार आहे? बस तर तशीही जातेच ना, तुम्ही बसा नाहीतर न बसा!"

युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून मी वही काढली. समजा, वीस किलोमीटर जायचं आहे. चव्वेचाळीस जागांची बस लिटरला साडेचार किलोमीटर धरली, तर तिला साधारण साडेचार लिटर डिझेल लागेल. तीच चव्वेचाळीस माणसं माझ्यासारखी एकेका मोटारीतून निघाली आणि मोटार लिटरला सोळा धरली, तर माणशी सव्वा लिटर, म्हणजे एकूण पंचावन्न लिटर. बारा पट! शिवाय एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता लिटरभर डिझेलचं वजनच मुळी किलोपेक्षा कमी, मग अडीच किलो येतो कुठून? तर उरलेला ऑक्सिजन आपण हवेतूनच घेतो. तोही बिनातिकीट!

पण चिरंजीवांचा मुद्दा जागच्या जागीच होता. चव्वेचाळीस माणसांचं हे झालं, माझ्या एकट्याचं काय? खळ्यावर ज्वारीची रास आहे. त्यातून एक दाणा काढला तर रास ती रासच राहते. आणखी एक काढला तरी रासच. मग रास संपते ती नेमकी कुठल्या दाण्याला? ग्रीक लोकांना हे कोडं तेवीस-चोवीसशे वर्षांपूर्वी पडलं होतं म्हणतात. आमच्याकडे ते उंदरांनी प्रत्यक्ष सोडवून दाखवलेलं आहे. प्रत्येक उंदीर बिचारा एकच दाणा नेतो, आणि आषाढात कणगी रिकामी असते.

हीच गोष्ट आमच्या गावात माझ्या डोळ्यांदेखत झाली होती. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या साडेपाच महिन्यांत लोक हप्त्यावर फटफट्या घेऊन मोकळे झाले. संप मिटला, बस आली, पण हप्ते राहिले होते. घेतलेली फटफटी अंगणात उभी ठेवून बसने जाणं म्हणजे घरी स्वयंपाक तयार असताना खानावळीत जेवणं. कोणीही 'आपण एस.टी. सोडू या' असा ठराव केला नव्हता. तो आपोआप पास झाला होता.

शाळेत मास्तरकी करताना माझ्याकडे एक हुकमी प्रश्न होता. कोणी खिडकीतून कागदाचा बोळा फेकला की मी म्हणायचो, "सगळ्यांनीच असं केलं तर?" पुढं कळलं की कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने याच प्रश्नावर आख्खं नीतिशास्त्र उभं केलंय. त्याला ते जमलं, कारण त्याला नववी 'ब' शिकवायची नव्हती. मला मात्र पोरं उलट विचारायची, "पण सर, सगळे कुठं करतात?" आता तेच उलट उत्तर माझ्या तोंडात होतं, आणि मी ते स्वतःलाच देत होतो.

माझा एक मेव्हणा अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्याच्यासमोर हे गाऱ्हाणं गायलो, तर त्याने आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० सालचं पुस्तक सांगितलं. या हर्शमनला नायजेरियातली रेल्वे बघून प्रश्न पडला, की शेजारच्या रस्त्यावर ट्रक धावायला लागले, स्पर्धा आली, तरी रेल्वे सुधारत का नाही? त्याचं उत्तर असं, की ज्यांना तक्रार करता येते, ज्यांचा आवाज वरपर्यंत पोचतो, तेच आधी ट्रककडे निघून जातात. मागं राहतात ती आवाज नसलेली माणसं. मग सुधारायला लावणार कोण?

हे ऐकून मी गप्प झालो. कारण आमच्या बसमध्ये अर्ज लिहिणारा माणूस मीच होतो! "माननीय महोदय, विनंती अर्ज कारणे की" इथपासून "आपला विश्वासू" इथपर्यंत माझा मजकूर तयार असायचा. कॉलेज सुटायच्या वेळेला परतीची गाडी असावी म्हणून एकदा मी चाळीस सह्या गोळा केल्या होत्या. आता मोटारीतला माणूस बसच्या वेळेसाठी अर्ज कशाला लिहील? तो लिहील रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल. आणि खरं सांगतो, तसा एक अर्ज मी लिहायला घेतलासुद्धा होता.

इतकं होऊनही मी मोटारीतूनच जात होतो. तत्त्वज्ञानाचा एक मोठा फायदा असा, की ते वाचून माणूस अस्वस्थ होतो आणि त्या अस्वस्थतेलाच आचरण समजतो.

मग एका संध्याकाळी एक शेतकरी गृहस्थ घरी आले. त्यांची मुलगी त्या तीन कॉलेजच्या मुलींपैकी एक. ओसरीवर टेकले, पाणी प्याले, टोपी काढली, परत घातली.

"गुरुजी, एक इचारायचं होतं. पोरीचं कॉलेज बंद करावं म्हणतो."

"कामून?" मी विचारलं. घाबरलो की माझं पुस्तकी मराठी सुटतं.

"आतापर्यंत कसं होतं, तुम्ही राहायचे गाडीत. पोस्टाचे साहेब राहायचे. म्हातारीला सांगता येत होतं, की गुरुजी हायेत, काळजी नको. आता साहेबबी फटफटीवर अन् तुमचीबी गाडी आली. चांगलं झालं, गुरुजी, गाडी आली ते. पण घरी म्हातारी आईकत नाही."

मी उसन्या उत्साहाने म्हटलं, "मग मी नेतो ना माझ्या गाडीतून!"

ते थोडं हसले. "दोन दिवस नेताल, गुरुजी. रोज कसं? अन् बाकीच्या दोघींचं काय करायचं?"

मला उत्तर नव्हतं. तिच्या शिक्षणाला माझ्या पांढऱ्या केसांचा पहारा लागावा, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. उलट लाजेचीच आहे. पोरीला एकटीला निर्धास्त जाता आलं पाहिजे, हे मी शाळेत भाषणातही सांगितलेलं आहे. पण ते जग येईपर्यंत आहे त्या बसमध्ये कोणीतरी बसायला हवं, आणि तो कोणीतरी एसी लावून गाणी ऐकत पुढं गेला होता. माझी वही खोटी ठरली होती. वहीत मी चव्वेचाळिसातला एक होतो, एक दाणा. त्या घरात मी आख्खी बस होतो.

भारमान हा शब्द मला त्या रात्री कळला. जागा किती भरल्या हा त्याचा अर्थ एस.टी.च्या कागदापुरता. बसमध्ये बसलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणाचा तरी भार उचलत असतो. म्हातारीची पाटी वर चढवतो, पोराला खिडकी देतो, कोणाच्या तरी आईची काळजी नुसता बसून कमी करतो. मोटारीत बसला की तो आपलाच भार वाहतो, आणि वर टनभर लोखंड!

वाहतुकीचं धोरण म्हणजे काहीतरी दिल्ली-मुंबईचं प्रकरण, असं मला वाटायचं. २००६ साली राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. वाहनं हलवण्यापेक्षा माणसं हलवण्याचा विचार करा, असं त्यात सांगितलंय. किती शहाणं वाक्य! पण नावातच 'नागरी' असल्यामुळे आमच्या गावाने ते मनाला लावून घेतलं नाही. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. सातशे एक किलोमीटरचा. त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि आमचं गाव दुचाकीवर. २०२३ च्या ३० डिसेंबरला जालन्याहून मुंबईला वंदे भारत निघाली. आता ती नांदेडहून येते. छान आहे. मुंबई जवळ आली. टेंभुर्णीहून जालना तेवढं जवळ यायचं राहिलंय!

गंमत म्हणजे पुणेकर पहिल्या एस.टी.चा अभिमान सांगतात. १ जून १९४८, पुणे ते नगर. पण आम्ही निजामाची रयत. हैदराबाद संस्थानात १९३२ सालीच सरकारी बस सुरू झाली होती, आणि ती चालवत होतं निजामाचं रेल्वे खातं. म्हणजे रेल्वे आणि बस एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी. एकीची वेळ दुसरीला ठाऊक. आज बस उतरून गाडी पकडणाऱ्याला ही सोय किती मोठी वाटेल, ते धावत जिना चढलेल्यालाच विचारा.

चिरंजीवांनी दुसरा उपाय सुचवला होता, "बाबा, विजेची मोटार घ्या, धूर नाही." बरोबर आहे. पण आठवडी बाजारात अडकलेली विजेची मोटार डिझेलच्या मोटारीइतकीच जागा अडवते, आणि तिच्यातही ती तीन पोरींची तिन्ही वर्षं मावत नाहीत. विजेवर बस चालवली तर गोष्ट वेगळी. १ जून २०२२ ला एस.टी.ची विजेवरची 'शिवाई' निघाली, तीही पहिल्या बसच्याच पुणे-नगर रस्त्यावर. मेव्हणा म्हणतो, लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट आहे. मला आधी वाटलं, ही कुठली तरी नवी लक्झरी कंपनी. तर तो देश निघाला. पण फुकट असूनही तिथल्या लोकांनी मोटारी काही सोडल्या नाहीत. म्हणजे नुसतं तिकीट कमी करून भागत नाही. गाडी वेळेला हवी, थांब्यावर सावली हवी, घरापासून थांब्यापर्यंत म्हातारीला पायी जाता येईल असा रस्त्याचा काठ हवा. आणि हे सगळं मागायला, ज्याच्या दारात मोटार आहे असा एखादा तरी माणूस त्या थांब्यावर उभा हवा.

मोटार मी विकली नाही. तेवढा मोठा मी नाही, आणि सौ. तर मुळीच नाही. रात्री-अपरात्री कोणाचं बाळंतपण अडलं, कोणाला साप चावला, तर ती लागते. दोनदा लागली. एरवी ती अंगणात उभी असते. बॉनेटवर मांजर झोपतं, आणि त्याने सौ.चं स्वस्तिक जवळजवळ पुसून टाकलंय. चिरंजीव फोनवर विचारतात, "गाडी कशी आहे?" मी म्हणतो, "मजेत आहे. झोपलीय."

परत थांब्यावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा दूधवाला म्हणाला, "काय गुरुजी, गाडी बिघडली काय?" मी "हाव" म्हणालो. तत्त्वासाठी आलो म्हटलं असतं तर गावभर हसं झालं असतं. पोस्टातले साहेब अजून फटफटीवरच जातात. पण परवा पाऊस होता, त्या दिवशी बसमध्ये आले, आणि उतरताना म्हणाले, "बरं वाटलं हो, बऱ्याच दिवसांनी गप्पा झाल्या." मी परतीच्या गाडीच्या अर्जावर त्यांची सही घेऊन टाकली.

त्या तीन मुली पुढच्या बाकावर बसतात. मी मागं, खिडकीपाशी. अर्धा तास त्या आपसात काहीतरी कुजबुजतात आणि फिदीफिदी हसतात. माझ्याकडे एकदाही वळून बघत नाहीत. मी गाडीत आहे, हे त्यांच्या लक्षातसुद्धा नसतं.

कंडक्टर येतात. "एक अर्धं," मी म्हणतो. ते तिकीट फाडून हातावर ठेवतात आणि म्हणतात, "सर, तुमचं अर्धं धरतो आम्ही, पण भारमानात तुम्ही पुरे एक आहात बरं का!"